एक संगणक आणि अनेक भाषा

संगणक घरांत बहुधा एकच असतो. पण त्यावर बसणारीं माणसें निराळीं आणि त्यांचीं कामेंहि निराळीं असतात. थोरली मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असते, धाकट्या मुलाला संकेतस्थळें तयार करण्याचा नाद लागलेला असतो, आणि वडिलांचा सारा हिशेब त्याच यंत्रांत असतो. बसण्याच्या वेळेवरून जें भांडण होतें तें साधें. वेळ वांटून दिली कीं मिटतें. परंतु एकानें आपल्या सोयीसाठीं यंत्रांत एखादी वस्तु घालावी आणि तिच्यामुळें दुसऱ्याचें चालतें काम बंद पडावें, असें जेव्हां होतें तेव्हां दोष कोणाचा आणि कशाचा, हें घरांतल्या कोणालाच उमगत नाहीं. मग “संगणक बिघडला” असें ठरवून त्याला दुरुस्तीच्या दुकानाची वाट दाखविण्यांत येते. तेथें सर्व पुसून पुन्हां भरतात, आणि तीन महिन्यांनीं पुन्हां तोच प्रकार! वास्तविक यंत्रांत बिघाड असा कांहीं झालेलाच नसतो. एका भाषेच्या दोन आवृत्त्या एकाच नांवानें एकाच जागीं बसूं पाहत असतात, इतकेंच.

येथें भाषा म्हणजे मराठी किंवा इंग्रजी नव्हे. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट अशा, संगणकाला काम सांगण्याच्या भाषा अभिप्रेत आहेत. माणसानें त्या भाषेंत आज्ञावली लिहावयाची आणि यंत्राला ती समजावून देणारा एक दुभाष्या यंत्रावर बसवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. हा दुभाष्या स्वतःहि एक आज्ञावलीच असतो, आणि त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या सारख्या निघत असतात. या बाबतींत पायथनचें उदाहरण फार बोलकें आहे. गीडो व्हान रोसुम या डच गृहस्थानें ही भाषा १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवली. तिची दुसरी पिढी २००० सालीं आली आणि तिसरी २००८ च्या डिसेंबरांत. ही तिसरी पिढी काढतांना कर्त्यांनीं कांहीं जुने नियम जाणूनबुजून मोडले. भाषा स्वच्छ करावयाची तर तेवढी किंमत देणें भागच आहे, असें त्यांचें मत होतें. दुसऱ्या पिढीचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं संपला. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ सासू-सुनांप्रमाणें दोन्ही पिढ्या एका छपराखालीं नांदत होत्या, आणि त्या दोघींत पुष्कळदां जें होतें तेंच येथेंहि झालें. जावाची गोष्ट याहून फार निराळी नाहीं. तिची ८ वी आवृत्ति २०१४ ची, १७ वी २०२१ ची आणि २१ वी २०२३ ची; तरी आठवीवर चालणाऱ्या आज्ञावल्या अद्याप पुष्कळ कचेऱ्यांत टिकून आहेत, कारण चालतें काम मोडून पुन्हां बांधण्याची हौस कोणालाच नसते.

दोन पिढ्यांतील फरक किती बेमालूमपणें नुकसान करतो, हें समजण्यासाठीं इंदापूर तालुक्यांतील कळस या गांवचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घर कल्पनेंतलें आहे. त्यांतली अडचण मात्र अक्षरशः खरी आहे. बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. घरचा ऊस आहे. मुलगी बारामतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकते, आणि उसाच्या नोंदींवरून एकरी उतारा काढण्याचें काम तिनें शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठीं घेतलें आहे. कांहीं वर्षांपूर्वींच्या एका विद्यार्थ्यानें लिहिलेली आज्ञावली तिला आयती मिळाली. यंत्रावर पायथनची दुसरी पिढी होतीच. आज्ञावली न कुरकुरतां चालली. दोन एकरांत ७५ टन ऊस, तर एकरीं किती, या प्रश्नाला यंत्रानें ३७ असें उत्तर दिलें.

वडील शेजारींच बसले होते. “अगं, साडेसदतीस हवेत. एकरामागें अर्धा टन गेला कुठें?”

“अण्णा, चूक झाली असती तर यंत्रानें सांगितली असती,” मुलगी म्हणाली.

यंत्रानें सांगितली नसती. पायथनच्या दुसऱ्या पिढींत पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनें भागलें असतां उत्तरहि पूर्णच येतें. अपूर्णांक गुपचुप गळून जातो. तिसऱ्या पिढींत त्याच ओळीचें उत्तर ३७.५ येतें. दोन्ही वेळां यंत्र आपापल्या नियमाप्रमाणें बरोबरच वागतें. तेव्हां जुनी आज्ञावली नव्या पायथनवर चालविली कीं झालें, असें कोणी म्हणेल. पण त्याच आज्ञावलींत पुढें आणखी एक हिशेब होता. ट्रॉलीमागें दहा टन धरून ७५ टनांच्या पुऱ्या भरलेल्या ट्रॉल्या किती? लिहिणाऱ्यानें येथें जुन्या नियमाचा मुद्दाम उपयोग करून घेतला होता, आणि उत्तर ७ येत असे. नव्या पायथननें तेथें साडेसात सांगितले. पुऱ्या भरलेल्या साडेसात ट्रॉल्या आजवर कोणत्याहि कारखान्याच्या वजनकांट्यावर आलेल्या नाहींत! सारांश, आज्ञावली आणि ती ज्या आवृत्तीसाठीं लिहिली ती आवृत्ति, ही जोडी आहे. एकीला दुसरीपासून तोडलें कीं उत्तराची शाश्वती उरत नाहीं. आणि यंत्र थांबलें तर निदान कळतें तरी, पण न थांबतां चुकलें तर शेजारीं अण्णा बसलेले असावे लागतात.

मुलीनें दोन्ही पिढ्या यंत्रावर ठेवण्याचें ठरविलें. तेवढ्यांत धाकट्यानें एका धड्यांत वाचलें कीं पायथनची अगदीं ताजी आवृत्ति पाहिजे. त्यानें ती उतरवून घेतली आणि ‘पायथन ३’ या नांवाचा रोख जुन्या आवृत्तीवरून काढून नव्या आवृत्तीकडे वळविला. यंत्रावर उबुंटू ही संगणकप्रणाली होती. दुसऱ्या दिवशीं आज्ञा लिहिण्याची खिडकीच उघडेना, आणि प्रकल्प सादर करण्यास चार दिवस उरले होते.

“ताई, मीं कांहीं मोडलें नाहीं गं, नुसता पायथन नवा केला,” हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण त्या प्रणालीचीं स्वतःचीं कित्येक कामें, ती खिडकी उघडून देण्याचें कामसुद्धां, पायथनमध्येंच लिहिलेलीं आहेत, आणि तीं प्रणालीबरोबर आलेल्या नेमक्या आवृत्तीवर विसंबून असतात. घरच्या माणसांसाठीं म्हणून बदललेला दुभाष्या खुद्द घराच्या दाराचाहि दुभाष्या होता.

हें असें कां होतें, हें समजण्यास एक गोष्ट पुरेशी आहे. ‘पायथन’ हें नुसतें नांव लिहिलें असतां त्या नांवाचा दुभाष्या कोठें आहे, हें यंत्राला ठाऊक नसतें. त्याच्याजवळ कप्प्यांची एक क्रमवार यादी असते; तिला ‘पाथ’ म्हणतात. यंत्र पहिला कप्पा उघडतें, तेथें नांव सांपडलें तर तोच दुभाष्या घेतें आणि पुढें पाहतहि नाहीं. न सांपडल्यास दुसरा कप्पा. चारीचें पाणी ज्याचें दार आधीं उघडें त्याच्या वाफ्यांत आधीं शिरतें, तसाच हा न्याय. म्हणून यंत्रावर पायथनच्या पांच आवृत्त्या असल्या तरी अडचण नसते. अडचण असते ती पहिलें उघडें दार कोणाचें, हें ठाऊक नसण्याची. लिनक्सवर ‘विच’ आणि विंडोजवर ‘व्हेअर’ ही आज्ञा दिली असतां कोणत्या कप्प्यांतला दुभाष्या निवडला जात आहे, तें यंत्र सांगतें. काम अडल्यास पहिला प्रश्न हाच विचारावा. दुकानाची वाट त्यानंतर. विंडोजवर पायथन बसवितांना ‘पाथमध्यें घालावें काय’ असा प्रश्न येतो आणि बहुतेक जण कांहींच न वाचतां होकार देतात किंवा न देतां पुढें जातात. पुढच्या कित्येक तक्रारींचें मूळ त्या एका टिचकींत असतें. त्या प्रणालींत ‘पीवाय’ या दोन अक्षरांची एक आज्ञा मिळते. तिच्यापुढें आवृत्तीचा आंकडा लिहिला कीं नेमका तोच पायथन पुढें येतो. ही सोय फार चांगली असून फार थोड्यांना ठाऊक आहे.

यंत्राचा स्वतःचा पायथन घरच्या कामाला जुंपूं नये, हा नियम आतां प्रणाल्या तयार करणाऱ्यांनींहि उचलला आहे. २०२३ सालीं निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून, यंत्राच्या पायथनमध्यें ‘पिप’ या साधनानें बाहेरचें साहित्य घालूं गेल्यास यंत्र साफ नाकारतें आणि वेगळी जागा करून घ्यावी असें बजावतें. पुष्कळांना हा नकार जाचक वाटला. नकार मोडून काढण्याची एक आज्ञाहि आहे, आणि तिचें नांवच ‘यंत्राच्या व्यवस्थेचा भंग करा’ अशा अर्थाचें ठेवलेलें आहे. तरी ती बिनदिक्कत वापरणारे आढळतातच.

ही वेगळी जागा म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. बारामती-इंदापूरकडील माणसाला तिचें स्वरूप सांगण्यास वाफा हा शब्द पुरे. शेत एकच, पण बांध घालून वाफे पाडले कीं एकांत मेथी आणि दुसऱ्यांत कांदा, आणि एकाचें पाणी दुसऱ्यांत जात नाहीं. पायथनमध्यें ही सोय ‘व्हेन्व्ह’ या नांवानें २०१२ पासून, म्हणजे ३.३ या आवृत्तीपासून, भाषेबरोबरच येते. एक आज्ञा दिली कीं प्रकल्पाच्या कप्प्यांत एक लहान कप्पा तयार होतो. त्यांत दुभाष्याकडे नेणारी वाट असते आणि त्या प्रकल्पाच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनीं लिहून ठेवलेली तयार सामग्री, ठेवण्यास जागा असते. वाफा ‘सुरू’ केला म्हणजे तो ‘पाथ’च्या यादींत सर्वांच्या पुढें जाऊन बसतो, बंद केला म्हणजे यादी पूर्ववत् होते. यांत जादू कांहीं नाहीं. मात्र तो ज्या खिडकींत सुरू केला त्या खिडकीपुरताच सुरू असतो. दुसरी खिडकी उघडून तेथें आज्ञा लिहावी आणि “काल चाललें, आज कां चालत नाहीं” म्हणून डोकें धरून बसावें, हा अनुभव शिकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना एकदां तरी येतोच.

एक घोटाळा येथें पुष्कळांच्या मनांत असतो. व्हेन्व्ह लायब्रऱ्या वेगळ्या ठेवतो. पण जी आवृत्ति यंत्रावर मुळांत नाहीं, ती तो आणून देत नाहीं. कांद्याचा वाफा पाडला म्हणून कांद्याचें रोप आपोआप उगवत नाहीं. आवृत्त्या आणून सांभाळणारीं साधनें निराळीं आहेत: पायथनसाठीं पायएन्व्ह, जावास्क्रिप्टच्या नोड या दुभाष्यासाठीं एनव्हीएम, जावासाठीं एसडीकेमॅन. हीं साधनें आवृत्त्या माणसाच्या स्वतःच्या कप्प्यांत शेजारीं शेजारीं ठेवतात आणि यंत्राच्या मूळ वस्तूंना हात लावीत नाहींत. प्रकल्पाच्या कप्प्यांत आवृत्तीचा आंकडा लिहिलेली एका ओळीची चिठ्ठी ठेवण्याची सोयहि त्यांत असते. आवृत्ति आणि लायब्रऱ्या हीं दोन्ही कामें एकहातीं करणारीं साधनें म्हणजे कोंडा आणि, २०२४ पासून, यूव्ही. कोंडा जड आहे, पण पायथनखेरीज इतर भाषांत लिहिलेली शास्त्रीय सामग्रीहि तो बरोबर आणतो, म्हणून संशोधकांना प्रिय आहे. फक्त त्याच वाफ्यांत कोंडानें थोडें आणि पिपनें थोडें असें घालीत सुटूं नये. दोघांनीं एका भांड्यांत मीठ घातल्यासारखें होतें.

ही अडचण केवळ घरगुती आहे, असें मात्र समजूं नये. पुणें जिल्ह्याच्याच उत्तर टोंकाला, जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिचें काम करणाऱ्या ज्योतिर्विदांना हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागतो. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या या दुर्बिणीला प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवितें. तबकड्यांनीं टिपलेल्या लहरींवरून आकाशाचें चित्र काढणें हें संगणकाचें काम, आणि हें काम करणाऱ्या आज्ञावल्या एका वेळीं, एका भाषेंत लिहिलेल्या नाहींत. अमेरिकेंतील राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेची ‘एप्स’ ही जुनी आज्ञावली मुख्यतः फोर्ट्रान भाषेंत आहे. त्याच वेधशाळेच्या पुढाकारानें झालेली ‘कासा’ ही नवी आज्ञावली सी प्लस प्लसमध्यें असून तिच्याशीं बोलावयाचें तें पायथनमधून. ‘कासा’ची पांचवी आवृत्ति पायथनच्या दुसऱ्या पिढीची आणि सहावी तिसऱ्या पिढीची.

यांतच ‘स्पॅम’ या तिसऱ्या आज्ञावलीची भर. हाइब इंटेमा या डच ज्योतिर्विदाची ही आज्ञावली पायथनच्या दुसऱ्या पिढींत असून आंतून ‘एप्स’ला कामाला लावते. तिनें केलेलें काम लहान नव्हे. खोडदच्या दुर्बिणीनें २०१० ते २०१२ या काळांत १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाची जी पाहणी केली होती, तिचीं साठवलेलीं निरीक्षणें इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘स्पॅम’च्या साहाय्यानें नव्यानें तपासलीं आणि २०१७ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारें ३६,९०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग, आणि त्यांत सहा लाखांहून अधिक रेडिओ उगमस्थानें! निरीक्षणें जुनीं, तपासणी नवी. आतां ज्या भाषेच्या पिढींत ही तपासणी झाली तिचा सांभाळ २०२० सालीं संपला, म्हणून ती यंत्रावरून पुसून टाकावयाची काय? तसें केल्यास तो निष्कर्ष कसा निघाला हें पुन्हां पडताळून पाहण्याचा मार्गच बुजेल. आणि न पुसावी, तर नव्या कामाला तिसरी पिढीहि त्याच यंत्रावर पाहिजेच. पुण्यांतील रुता काळे आणि ईश्वर-चंद्र या संशोधकांनीं सुधारलेल्या दुर्बिणीसाठीं ‘कॅप्चर’ नांवाची आज्ञावली तयार केली, ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. ती प्रथम जुन्या ‘कासा’वर चालत होती; पुढें नव्या ‘कासा’साठीं तिचें निराळें रूप करावें लागलें. संशोधकाच्या एकाच यंत्रावर फोर्ट्रान, दुसरा पायथन आणि तिसरा पायथन असे तिघे राहतात ते हौसेखातर नव्हे. त्यांतल्या प्रत्येकाच्या स्वाधीन कांहीं वर्षांचें काम आहे.

‘कासा’च्या कर्त्यांनीं यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. पूर्ण गठ्ठा म्हणून ती उतरवून घेतली तर तिचा स्वतःचा पायथन तिच्याबरोबरच येतो. यंत्रावर कोणता पायथन आहे, याची ती विचारपूस करीत नाहीं. शिदोरी घेऊन आलेल्या पाहुण्याप्रमाणें राहते. जागा अधिक लागते, पण यजमानाच्या स्वयंपाकघरांत कोणी शिरत नाहीं.

जेथें एकाच महासंगणकावर शेंकडों माणसें काम करतात तेथें निराळी रीत आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंत सी-डॅकनें उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्यावर भाषा आणि त्यांच्या आवृत्त्या सांठवून ठेवलेल्या असतात, आणि ज्याला जी पाहिजे ती त्यानें ‘मॉड्यूल लोड’ अशी आज्ञा देऊन तेवढ्यापुरती पुढें घ्यावयाची. ही युक्ति १९९१ सालीं जॉन फर्लानी यांनीं मांडली. आंतून तीहि ‘पाथ’ची यादीच खालींवर करते. तीस वर्षांहून अधिक काळांत मूळ कल्पना बदललेली नाहीं, यावरून ती किती साधी आणि किती बरोबर होती हें दिसतें.

याच्याहि पुढची पायरी म्हणजे डॉकरसारखे, २०१३ पासून प्रसार पावलेले कंटेनर. त्यांत आज्ञावलीभोंवतीं भाषाच काय, पण प्रणालीचा मोठा भागहि बांधून घेतलेला असतो. जुनें काम जपण्यास तो उत्तम. घरच्या विद्यार्थ्याला मात्र बहुधा अवजडच. मेथीच्या एका वाफ्यासाठीं कोणी विहीर खणीत नाहीं.

कळसच्या घरीं पुढें काय झालें असतें? धाकट्यानें वळविलेलें ‘पायथन ३’ हें नांव पहिल्यांदां पूर्ववत् करावयाचें. खिडकी त्यानंतर उघडते. मग तीन निराळे कप्पे: ताईच्या प्रकल्पाचा, धाकट्याच्या नोडचा आणि अण्णांच्या हिशेबाचा. ताईच्या कप्प्यांत तिसऱ्या पिढीचा वाफा. आणि आज्ञावलींतल्या दोन भागाकारांपैकीं एकरी उताऱ्याचा तसाच ठेवून ट्रॉल्यांच्या ओळींत एका तिरप्या रेघेऐवजीं दोन रेघा घातलेल्या, कारण तिसऱ्या पिढींत अपूर्णांक टाकून देणाऱ्या भागाकाराची ती खूण आहे. जुन्या पिढीचा पायथन एका बाजूला निराळा ठेवलेला, तो केवळ ताळा पाहण्यापुरता. शास्त्रीय लायब्रऱ्या भरलेला एकेक वाफा कित्येकशें मेगाबाइट जागा खातो, म्हणून प्रकल्प संपल्यावर तो मोडण्यास हरकत नाहीं. मोडावयाची नाहीं ती यादी. वाफ्यांत कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची आहे, हें ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेनें कागदावर उतरतें, आणि त्या यादीवरून दुसऱ्या यंत्रावर तसाच वाफा पुन्हां पाडतां येतो.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीं मुलीनें ती यादी महाविद्यालयाच्या यंत्रावर नेली. पहिल्या खेपेला वाफा तयार होईना, कारण यादींत लायब्रऱ्या होत्या, पण खुद्द पायथनची आवृत्ति तिनें लिहिलीच नव्हती, आणि तेथील पायथन निराळा होता. तिनें घरीं दूरध्वनि केला. धाकट्यानें खिडकी उघडून आवृत्ति विचारली, आणि तीन आंकडे सांगितले. ते तिनें यादीच्या माथ्यावर लिहिले, त्या आवृत्तीचा पायथन तेथें मागवून घेतला, आणि सायंकाळीं अण्णांच्या दोन एकरांचा उतारा बारामतीच्या यंत्रावरहि ३७.५ आला, ट्रॉल्या सात.